आधी चूल, मग पाटी

आमच्या सोनाळ्यात भगवंतरावांच्या धाकट्या सुनेला सगळे 'काऊनबाई' म्हणतात. हे नाव मी ठेवलं. तिचं खरं नाव संजीवनी, आणि तेही सासरचं. माहेर मेहकरचं. तिकडे 'का' विचारायचं असलं की 'कामून' म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा बायका त्या शब्दाला हसल्या, तशी तिने तो टाकला आणि आमचा 'काऊन' उचलला. उचलला तो असा, की आजतागायत खाली ठेवायला तयार नाही.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नाव लिहिलं, माहेरची प्रतीक्षा संजीवनी झाली, तेव्हा तिने भटजींना भर मांडवात विचारलं होतं, "नाव नवं लागलं, पण माणूस जुनंच. मग जुन्या नावानं कुणी हाक मारली तर ओ द्यायची का नाही?" भटजी माझ्याकडे बघायला लागले. मी कशाला मध्ये पडू? मी जेवणाच्या पंगतीकडे वळलो.

जहांगीरच्या गिरणीत ती पहिल्यांदा दळण घेऊन गेली, तेव्हा तिने विचारलं, इंजिनाचा पट्टा सरळ न घालता पिळा देऊन काऊन घातला? जहांगीर बापाच्या वेळेपासून तो पट्टा तसाच चढवत आलेला. त्याने दाढी खाजवली, इंजिन बंद केलं, पट्टा सरळ घालून पाहिला. जातं उलटं फिरलं. दोघंही इतकी खूश झाली की विचारू नका. माझं पीठ मात्र त्या दिवशी राहिलं, आणि घरी बोलणी मी खाल्ली.

आता मी कोण, तर भगवंतरावांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी आणि आमच्या संत्रा संकलन केंद्राचा सचिव. भगवंतराव केंद्राचे अध्यक्ष. लोक मला भोचक म्हणतात. मी स्वतःला चौकस म्हणतो. म्हणून त्या पोरीचं आणि माझं चांगलं जमतं.

केंद्र म्हणजे गावाबाहेरची एक मोठी पत्र्याची शेड. बहराच्या दिवसांत शेतकरी संत्र्याचे क्रेट घेऊन येतात, मापारी काट्यावर माल मोजतो आणि पावती निघते. पावतीवर शेतकऱ्याचं नाव, वजन आणि खाली 'मापणार' म्हणून मापाऱ्याचं नाव. ही पावती काढणारा प्रोग्राम संजीवनीने लिहिला. कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेली पोर. एका कॉलेजने काढून टाकलेला संगणक आम्हाला मिळाला होता, त्यावर तिने कुठली तरी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम चढवली आणि ते धूड असं पळवलं की भगवंतराव येईल त्याला शेडमध्ये नेऊन दाखवायचे. "आमच्या सूनबाईच्या मशीनमध्ये चूक निघत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आधी काटा एकच होता आणि त्यावर आशाबाई. ती साखळीला टांगलेल्या तराजूच्या काळापासून माल मोजते. क्रेट उचलला की काट्याच्या आधी हिच्या मनगटाला वजन कळतं. अक्षरओळख बेताची, पण स्वतःच्या नावाचा आकार तिला पाठ आहे. प्रत्येक पावती फाडताना त्या नावावरून अंगठा फिरवायची तिला सवय. यंदा माल वाढला म्हणून आम्ही दुसरा काटा घेतला आणि त्यावर निवृत्तीला बसवलं. दोन काटे, दोन पडदे, मागे संगणक तोच. सकाळी आल्यावर मापाऱ्याने आपला नंबर दाबायचा आणि कामाला लागायचं, एवढंच.

बहर अर्ध्यावर आला आणि तक्रारी सुरू झाल्या. वजन कमी भरतंय. सहदेव नावाचा आमचा एक शेतकरी आहे, आवाज असा की शेडच्या पत्र्याने दचकावं. त्याने माल घरी मोजून पाठवला होता आणि पावतीवर वजन कमी निघालं. मग बाकीच्यांनीही आपापल्या पावत्या काढल्या. वजन कमी असलेल्या सगळ्या पावत्यांवर मापणार एकच, आशाबाई. माल आणणारे बहुतेक भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर, त्यांना कुठल्या काट्यावर मोजला ते आठवेना. निवृत्तीला विचारलं तर तो म्हणाला, "गर्दीत कोणाचं काय मोजलं ते कोण ध्यानात ठेवते? पावतीवर तिचं नाव हाये तं तिनंच मोजलं असंन." पावतीवर काट्याचा नंबर छापायचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

गावाला तेवढं पुरलं. आशाबाईला 'काटामारी' नाव पडलं. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या अंतरावरून. रविवारी सभा ठरली, आणि तिथे तिला काट्यावरून उठवायचं हे जवळपास सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला वाईट वाटत होतं, हे मी स्पष्ट सांगतो. पण मशीन समोर ठेवलं की माणसाची बाजू कशी घ्यायची, हे मला सुचत नव्हतं.

आशाबाई रडली नाही, की भांडली नाही. ती सरळ भगवंतरावांच्या अंगणात आली. मी तिथे चहाला होतोच. संजीवनी भाजी निवडत होती. तिच्यासमोर उभी राहून आशाबाई म्हणाली, "साऱ्या गावाले काऊन काऊन करून भंडावतं तू. आता मी तुले विचारून राह्यली. माह्या हातानं जे मापलंच नाई, त्याच्यावर माह्यं नाव काऊन?"

संजीवनीने भाजीचं ताट बाजूला ठेवलं. "मावशी, तुमी पक्कं सांगता?"

"माह्या हाताले इचार," आशाबाई म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून पोरीच्या मागे भूत लागलं. केंद्रात ती पडद्यासमोर बसलेली आणि मी तिच्या मागे स्टूल टाकून. ती मला सांगायची, मी मान हलवायचो. मापाऱ्यांचे नंबर तपासले, बरोबर. नंबरापुढची नावं तपासली, बरोबर. प्रोग्राम पावती छापताना नाव स्वतःजवळून काढत नाही, थेट मशीनला विचारतो, की या सेशनमध्ये लॉगिन कोणाचं आहे? आणि मशीन सांगतं, आशाबाई. "मशीन खोटं काऊन बोलन, काका?" ती म्हणायची. मी म्हणायचो, मशीनला कुठे सभेला यायचंय. ती हसायचीसुद्धा नाही.

इकडे घरी वेगळंच चाललं होतं. संजीवनी आणि तिचा नवरा ऋत्विक घराच्या मागच्या अंगाला बांधलेल्या दोन खोल्यांत राहतात, जेवणखाण मात्र पुढच्या घरात, सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ, सगळ्यांचं एकत्र. ऋत्विकच्या मनात वायलं निघायचं होतं. आमच्याकडे वेगळं होण्याला वायलं निघणं म्हणतात. त्यात भांडण नव्हतं. त्याला आपली चूल हवी होती, इतकंच. पण भगवंतरावांपुढे तो शब्द काढायची सोय नव्हती. त्यांचा सख्खा भाऊ तरुणपणी वायला निघाला, आणि पुढे सणावारालाही त्याने या घराचं तोंड पाहिलं नाही. भगवंतरावांच्या लेखी वायलं निघणं म्हणजे माणूस जाणं.

ऋत्विकने मग मधला रस्ता काढला. संजीवनीच्या मशीनचे सुटे भाग पार्सलने यायचे आणि भलत्याच घरी जायचे. म्हणून त्याने एक छान पितळी पाटी करून आणली. 'ऋत्विक – संजीवनी'. मागच्या खोल्या रस्त्यावरून दिसत नाहीत, म्हणून लावली पुढच्या दाराला. भगवंतरावांची कधी पाटीच नव्हती, त्यामुळे जागा मोकळी होती.

मग काय विचारता! वीजवाला बिल ऋत्विकच्या नावाने हाका मारून देऊ लागला. खताचा माणूस भगवंतरावांना "ऋत्विकभाऊंचे वडील का?" म्हणाला. आणि शनिवारी कहर झाला. भगवंतरावांचा संग्रामपूरचा जुना मित्र त्यांना भेटायला आला, पाटी वाचली, भगवंतराव घर विकून गेले असं समजला आणि दार न वाजवताच परत फिरला. हे त्याने फोनवर सांगितलं तेव्हा भगवंतराव अंगणात उभे राहून असे कडाडले, की मी भिंतीवरून डोकवायची गरजच पडली नाही. मी सरळ फाटकातून आत गेलो.

"पाटी लावाले माह्यी ना नाई!" ते ऋत्विकवर ओरडत होते. "पण आधी वायले निघा, वायली चूल मांडा, मग तुमच्या दाराले काय ठोकाचं ते ठोका. सामाईक घरात राहून सामाईक दाराले तुह्यं नाव लावलं, तं साऱ्या घराले तुह्यंच नाव लागते. मीबी ऋत्विक, तुह्यी मायबी ऋत्विक, गोठ्यातली म्हैसबी ऋत्विकचीच!"

सरस्वतीबाई, म्हणजे ऋत्विकची आई, पदर तोंडाला लावून हसत होत्या. संजीवनी कणीक मळत ओसरीवर बसली होती. तिचे हात थांबले.

"मामाजी, काऊन?" ती म्हणाली.

"काऊन म्हंजे? वाचणाऱ्याले काय मालूम आत किती जण हायेत? तो दार पाह्यते, पाटी वाचते, अन् समजते घर याचंच."

"अन् उद्या जाऊबाईनं त्याच्यावर दुसरी पाटी लावली तं?"

"तं सारे तिच्या नावाचे! जो शेवटी लावन त्याचं घर!" भगवंतरावांना वाटलं सूनबाई उलट बोलतेय. ते आणखी काही बोलणार, तेवढ्यात ती कणकेच्या हातानेच उठली, हात कसेबसे धुतले आणि केंद्राच्या रस्त्याला लागली. "काका, चला!" एवढंच मला म्हणाली. ऋत्विक बापासमोर तसाच उभा राहिला, बिचारा.

केंद्रात पोचेपर्यंत तिने मला सगळं सांगून टाकलं, आणि पहिल्यांदाच मला ते समजलं. मशीनमध्ये चालणारं प्रत्येक काम कुठल्या तरी सेशनमध्ये राहतं. सेशन म्हणजे एक घर. लॉगिनचं नाव एकेका कामाला लागत नाही, त्या घराला लागतं, आणि घरातले सगळे त्याच नावाने ओळखले जातात. नाव लावायला सिस्टिमला एक हाक द्यावी लागते, तिला सेटलॉगिन म्हणतात. वायलं निघायला दुसरी हाक आहे, सेटसिड. संजीवनीने मापाऱ्याने नंबर दाबला की नाव लावायची हाक दिली होती. वायलं निघायची द्यायची राहून गेली होती.

"एक काटा होता तोवर घरात एकच जण होता, चाललं," ती म्हणाली. "आता दोन काटे एकाच घरात हायेत काका. निवृत्तीभाऊ पहाटे येऊन नंबर दाबतात, घराले त्यांचं नाव. आशामावशी घरचं आवरून मागून येतात, माल याच्या आधी नंबर दाबतात, अन् साऱ्या घराले त्यांचं नाव. तिथून पुढं निवृत्तीभाऊ जे मोजतात त्याच्यावरबी मावशीचंच नाव. मशीन खोटं नाई बोललं. मीच त्याले सामाईक दाराले पाटी लावाले सांगितलं."

हे सांगताना तिचा चेहरा आनंदाने फुलला होता, आणि शेवटच्या वाक्याला तो उतरला. चूक तिची होती. उद्या ज्या सभेत ती सांगायची होती, त्या सभेचे अध्यक्ष तिचे सासरे होते.

तिने बसून प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला वायलं निघायची हाक घातली. मशीनने नकार दिला. परवानगी नाही म्हणे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिने बरंच डोकं लावलं, मग ते तसंच सोडून आम्ही घरी परतलो. भगवंतराव शांत होऊन चहा पीत होते.

"मामाजी," ती म्हणाली, "घरचा कर्ता वायला निघू शकते का?"

भगवंतरावांना असा ठसका लागला की सरस्वतीबाई पाणी घेऊन धावल्या. "आता मलेच घराबाहेर काढून राह्यले का तुमी?"

"नाई हो. मशीनमधलं विचारून राह्यली."

"अवं, कर्ता कोणापासून वायला निघन?" ते डोळे पुसत म्हणाले. "घर चालते त्याच्या नावावर. निघन तं पोरगं निघन."

संजीवनीने टाळी वाजवली. तेच होतं! मुख्य प्रोग्राम आपल्या गटाचा कर्ता होता, म्हणून मशीन त्याला निघू देत नव्हतं. प्रत्येक काट्यासाठी त्याच्यापासून एक लेकरू-प्रोग्राम जन्माला येत होताच, निघायची हाक त्या लेकराने द्यायला हवी होती. आधी वायलं निघायचं, मग नाव लावायचं. ती लगेच परत केंद्राकडे धावली. भगवंतराव मला म्हणाले, "सचिवसाहेब, ही पोट्टी मशीनशी बोलते का माह्याशी, काई समजत नाई." पण आवाजात राग उरला नव्हता.

रविवारी सभा शेडमध्येच भरली. मी ठराव लिहायला बसलो. सहदेवने सुरुवातीलाच आवाज चढवला. आशाबाई तिच्या काट्याशेजारी पाठ ताठ ठेवून बसली होती, पण हातातला रुमाल पिळून पिळून त्याची दोरी झाली होती. ती कुणाकडे बघत नव्हती.

संजीवनी उठली आणि म्हणाली, "आधी एक पाहून घ्या." जुनाच प्रोग्राम चालू ठेवला होता. तिने निवृत्तीला नंबर दाबायला लावला आणि एक क्रेट मोजायला सांगितला. पावती निघाली, मापणार निवृत्ती. मग आशाबाईला तिच्या काट्यावर नंबर दाबायला लावला. "मावशी, आता हात मांडीवर ठेवा. कशालेच लावू नका." मग निवृत्तीला तोच क्रेट पुन्हा त्याच्याच काट्यावर ठेवायला सांगितला. पावती तिने सहदेवच्या हातात दिली. वाचा म्हणाली, मोठ्यानं.

"मापणार," सहदेव म्हणाला आणि थांबला. मग त्याच्या मानाने फारच बारीक आवाजात म्हणाला, "आशाबाई."

आशाबाईचे हात मांडीवरच होते. मग संजीवनीने नवा प्रोग्राम सुरू केला आणि तोच खेळ पुन्हा केला. यावेळी निवृत्तीच्या पावतीवर निवृत्तीच राहिला. शेवटी तिने तोच क्रेट आशाबाईच्या काट्यावर ठेवला, तर वजन जास्त भरलं. निवृत्तीने गोंधळून क्रेट परत आपल्या काट्यावर ठेवला, खाली वाकून पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. क्रेटची कड काट्यामागच्या शेडच्या खांबाला टेकत होती, थोडा भार खांबच उचलत होता. इतके दिवस सगळ्यांनी पावतीवरचं नाव पाहिलं, काट्याकडे वाकून कुणी पाहिलं नाही.

भगवंतराव खुर्चीतून उठले. चेहरा काळवंडला होता. ज्या वाक्याचा त्यांना अभिमान होता, ते सगळ्यांसमोर खोटं पडलं होतं. तरी ते हात जोडून म्हणाले, "आशाबाई, माफी असू द्या. सचिवसाहेब, ल्याहा. चूक आमच्या घरची झाली."

"नाई मामाजी," संजीवनी म्हणाली. "घरची नाई. माह्यी झाली. काका, माह्यं नाव ल्याहा. कोणाच्या कामावर कोणाचं नाव लागलं म्हणून तं हे सारं झालं."

मी भगवंतरावांकडे बघितलं. ते सुनेकडे बघत होते, जणू तिला नीट पहिल्यांदाच बघताहेत. मग त्यांनी मान हलवली, आणि मी लिहिलं: चूक संजीवनी यांची. लिहिताना मला वाईट वाटत होतं, आणि तिचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम.

आशाबाई उठली. संजीवनीजवळ गेली, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली, आणि म्हणाली, "आता इचारत जाय बाप्पा काऊन. कोणी हासलं तरी इचारत जाय." मग आपल्या काट्याजवळ जाऊन पहिल्या शेतकऱ्याला म्हणाली, "आण क्रेट."

त्या संध्याकाळी भगवंतरावांच्या घराकडून ठोकाठोकीचा आवाज आला. मी गेलोच. पुढच्या दारावर आता खिळ्यांची भोकंच तेवढी दिसत होती. मागच्या खोलीत सरस्वतीबाईंनी नवी शेगडी मांडून दूध उतू घालवलं होतं. दूध उतू गेल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही, असा भगवंतरावांचा हुकूम होता. आता ते स्टुलावर चढून त्या खोलीच्या दारावर पितळी पाटी ठोकत होते आणि ऋत्विक स्टूल धरून उभा होता.

एक खिळा ठोकून झाला आणि त्यांचा हात थांबला. मागे न वळता ते म्हणाले, "सूनबाई, एक सांग. तुह्या त्या मशीनमधलं लेकरू वायलं निघते. मग त्याचा बाप कोण राह्यते?"

"तोच, मामाजी."

"वायलं निघाल्यावरबी?"

"हाव. घर बदलते, नाव बदलते, पण बाप कोण म्हणून मशीनले विचारलं, तं ते पह्यलाच सांगते. मी विचारून पाह्यलं."

"कवा विचारलं?"

"काल. तुमी चहा पेत होते, तवा मी परत गेलती ना. सारं जमलं, मग पह्यलं तेच विचारलं."

भगवंतरावांनी कलती पाटी अंगठ्याने सरळ केली. मग त्यांनी नाक ओढलं आणि हात मागे पसरला.

"दुसरा खिळा दे," ते म्हणाले.